एक स्टॉल, दोन टेबलं: अमेरिकेतल्या बीफ परिषदेच्या उन्हाळी इंटर्नचं प्रकरण

अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका राज्याच्या बीफ परिषदेने पशुविज्ञानाच्या तिसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी बारा आठवड्यांसाठी इंटर्न म्हणून घेतली. मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंतचा काळ. काम वरवर सोपं होतं. जिल्ह्याच्या जत्रेत, म्हणजे काउंटी फेअरमध्ये, बीफचे नमुने चाखायला देणारा स्टॉल लावायचा, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि परिषदेच्या इन्स्टाग्रामसाठी थोडा मजकूर करायचा. नवव्या आठवड्यात फेअरच्या आदल्या संध्याकाळी तिच्या टेबलावर सह्यांचा एक क्लिपबोर्ड येऊन पडला, तिथून हे प्रकरण सुरू होतं.

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. इंटर्न, परिषद आणि फेअर ही कुणा एकाची ओळख नाही. अशा उन्हाळ्यांत जे नेहमी घडतं ते इथे एका जागी आणलं आहे. कायदा, नियम, तापमानं आणि मापं मात्र आहेत तशीच दिली आहेत.

डोईमागे एक डॉलर

क्लिपबोर्डमुळे एवढा गोंधळ का झाला हे कळायला आधी पैसा कुठून कुठे जातो ते पाहावं लागतं. अमेरिकेत १९८५ च्या शेती कायद्यात बीफ प्रचार आणि संशोधनाचा कायदा आला आणि १९८६ पासून वसुली सुरू झाली. १९८८ मध्ये उत्पादकांचं मतदान झालं, सुमारे ७९ टक्के मतं बाजूने पडली आणि वसुली कायमची सक्तीची झाली. जनावर विकलं की डोईमागे एक डॉलर. पुन्हा विकलं तर पुन्हा एक डॉलर. परदेशातून येणाऱ्या गुरांवर आणि मांसावरही त्याच प्रमाणात आकारणी होते. या पैशाला तिथे ‘चेकऑफ’ म्हणतात.

यातले पन्नास सेंट राज्याच्या बीफ परिषदेकडे राहू शकतात आणि पन्नास सेंट राष्ट्रीय पातळीवरच्या कॅटलमेन्स बीफ बोर्डाकडे जातात. बोर्डाच्या कारभाराचा खर्च उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपेक्षा वर जाऊ द्यायचा नाही असं बंधन आहे. राष्ट्रीय कामांची निवड वीस जणांची समिती करते. त्यातले दहा बोर्डाचे आणि दहा राज्य परिषदांच्या महासंघाचे. देखरेख कृषी खात्याच्या कृषी विपणन सेवेची, म्हणजे एएमएसची. १९९२ पासून चालत आलेली ‘बीफ. इट्स व्हॉट्स फॉर डिनर.’ ही मोहीम याच पैशातली. दर मात्र अजूनही एकच डॉलर आहे. १९८६ च्या डॉलरची खरेदीशक्ती आज एक तृतीयांशाच्या आसपास उरली आहे, त्यामुळे परिषदांकडे माणसं कमी आणि इंटर्नवर भार जास्त असतो. हा भाग जाहिरातीत सांगत नाहीत.

पुण्यातल्या नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटीमुळे ही कल्पना मराठी वाचकाला अगदीच परकी वाटू नये. १९८२ मध्ये बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही संस्था शेतकऱ्यांच्या सहभागावर चालते आणि ‘संडे हो या मंडे’ अख्ख्या देशाला तोंडपाठ करून गेली. फरक मोठा आहे तो असा, की अमेरिकेतला डॉलर कायद्याने सक्तीचा आहे. सक्तीच्या पैशाला जसा हिशेब लागतो तशी मर्यादाही लागते. राज्य परिषदेने बोर्डाला लेखी द्यावं लागतं की हा पैसा सरकारी धोरणावर किंवा कृतीवर प्रभाव टाकायला वापरणार नाही, आणि स्पर्धक मालाच्या दर्जाबद्दल, मोलाबद्दल किंवा उपयोगाबद्दल फसवं काही सांगणार नाही. थोडक्यात, बीफ शिजवून खाऊ घाला, पण त्याच पैशात आमदाराचं दार ठोठावू नका.

दार ठोठावायचं काम कॅटलमेन्स असोसिएशनचं. ती वर्गणीवर चालणारी पशुपालकांची संघटना आहे. अडचण अशी की अनेक राज्यांत परिषद आणि असोसिएशन एकाच इमारतीत, कधी एकाच मजल्यावर असतात. तेच सभासद, तीच आडनावं, कॉफीचं यंत्रही तेच. ही भिंत किती पातळ आहे हे २०१० मध्ये देशपातळीवर दिसलं. स्वतंत्र तपासणीत राष्ट्रीय कॅटलमेन्स संघटनेचे काही खर्च चेकऑफच्या खात्यावर चुकीने टाकलेले आढळले आणि संघटनेने दोन लाख डॉलरांहून जास्त रक्कम परत केली.

आधी गोठा, मग माईक

पहिले तीन आठवडे इंटर्नला कुठेही बोलायला उभं केलं नाही. हा निर्णय योग्य होता. तिच्या घरी गाई-वासरांचा कळप होता, पण बीफच्या साखळीत ते एकच टप्प्याचं ज्ञान. वासरू सहा ते दहा महिन्यांचं झालं की दूध तोडतात. मग बरीचशी वासरं कुरणावर वा कडब्या-चाऱ्यावर वाढवणाऱ्याकडे जातात, आणि शेवटचे चार ते सहा महिने फीडलॉटमध्ये, म्हणजे गुरं आवारात ठेवून पोसण्याच्या जागी, धान्याच्या खुराकावर. तिथून कत्तलखान्याकडे. कुरणातल्या माणसाला फीडलॉट माहीत नसतो आणि फीडलॉटवाल्याला कालवडीचं बाळंतपण आठवत नाही. स्टॉलवर येणारा माणूस मात्र तिन्ही टप्प्यांबद्दल एकाच वाक्यात विचारतो.

म्हणून तिला आधी एका लिलाव बाजारात बसवलं. विक्रेत्याच्या पावतीवर कमिशन, चारापाणी आणि त्याखाली डोईमागे एक डॉलर अशी ओळ असते. बाजार तो डॉलर कापून परिषदेकडे भरतो. ती ओळ डोळ्यांनी पाहिली की ‘हा पैसा कुणाचा’ हे वेगळं समजवावं लागत नाही. मग एका फीडलॉटमध्ये सकाळच्या गव्हाणीची फेरी. रात्रीच्या खुराकातलं किती उरलं, चाटूनपुसून साफ झालं की चुरा राहिला, यावरून आजचा खुराक किती वाढवायचा किंवा कमी करायचा ते ठरतं. खुराक घाईने वाढवला तर पोटातलं आम्ल वाढून जनावर खाणं सोडतं, म्हणून कुरणावरून आलेल्या गुरांना धान्याच्या खुराकावर आणायला साधारण तीन आठवडे घेतात.

तिसरं काम बीफ क्वालिटी ॲश्युरन्सचं, म्हणजे मांसाचा दर्जा राखण्याच्या प्रशिक्षणाचं, प्रमाणपत्र. ते तीन वर्षं चालतं. त्यातला एक धडा स्टॉलवर थेट उपयोगी पडला. इंजेक्शन मानेवरच्या, खांद्यापुढच्या त्रिकोणातच द्यायचं, चालत असेल तर स्नायूत न देता कातडीखाली, आणि एका जागी दहा मिलिलिटरपेक्षा जास्त नाही. १९९१ मध्ये झालेल्या पहिल्या राष्ट्रीय दर्जा तपासणीनंतर यावर भर आला, कारण पुठ्ठ्यावर दिलेल्या सुयांनी आत गाठी आणि कडक चट्टे राहत आणि खराब व्हायचे ते महागडे तुकडे. टॉप सरलॉइन, म्हणजे कंबरेच्या मागच्या भागाचा तुकडा, हा त्यातलाच. स्टॉलवर ती जो तुकडा तव्यावर टाकणार होती त्याचा मऊपणा असा एका इंजेक्शनच्या जागेशी बांधलेला आहे. हे तिने पाहुण्याला एका वाक्यात सांगितलं की लोक थांबून ऐकत. पोषणाच्या आकड्यांना कुणी थांबत नाही.

सहाशे नमुन्यांचं गणित

तीन संध्याकाळी, रोज दोन तास, तासाला शंभर नमुने. एकूण सहाशे. एक नमुना म्हणजे शिजलेला एक औंस, सुमारे २८ ग्रॅम, दोन लहान फोडी आणि एक काडी. शिजलेलं मांस झालं १७ किलो. तव्यावर पाणी आणि चरबी मिळून पाव हिस्सा वजन उतरतं, म्हणजे कच्चं पावणेतेवीस किलो. अख्खा सरलॉइन घेऊन स्वतः साफ करायचा तर चरबी आणि पडदे काढण्यात आणखी दहा-बारा टक्के जातात. म्हणून खरेदी २६ किलोची. पहिल्यांदा स्टॉल लावणारे इथेच चुकतात. शिजलेल्या वजनावर खरेदी करतात आणि तिसऱ्या दिवशी मांस संपतं.

तात्पुरत्या खाद्यस्टॉलचा परवाना काउंटीच्या आरोग्य खात्याकडून लागतो आणि निरीक्षक आला की पहिली नजर हात धुण्याच्या जागेवर टाकतो. पाच गॅलनचं, म्हणजे १९ लिटरचं झाकणाचं भांडं, त्याला उघडी राहणारी तोटी, खाली मैलापाण्याची बादली, साबण, कागदी रुमाल. दाबून धरावी लागणारी तोटी चालत नाही, कारण मग एकाच हाताने हात धुतला जातो. भांड्यांसाठी तीन टब: धुण्याचा, खंगाळण्याचा, जंतुनाशकाचा. क्लोरीन ५० ते १०० पीपीएम, आणि ते कागदी पट्टीने मोजायचं. वासावरून ठरवायचं नाही.

कच्चं मांस ५ अंश सेल्सियसच्या खाली. सरलॉइनच्या फोडी ६३ अंशांपर्यंत आणि मग तीन मिनिटं विसावा. खिमा किंवा बर्गर असता तर ७१ अंश, कारण पृष्ठभागावरचे जंतू दळताना आतपर्यंत जातात. शिजल्यावर वाढेपर्यंत ५७ अंशांच्या वर ठेवायचं. थर्मामीटर रोज सकाळी बर्फाच्या काल्यात बुडवून शून्य दाखवतो का ते पाहायचं. काल्यात बर्फ भरपूर आणि पाणी त्यातल्या फटी भरण्यापुरतंच हवं. पाणी जास्त झालं तर थर्मामीटर एक-दोन अंश दाखवतो आणि बिचाऱ्या चांगल्या थर्मामीटरला खोटं ठरवलं जातं.

पहिल्या संध्याकाळी फसलं ते विजेत. विजेवरचा तवा दीड हजार वॉटचा. अमेरिकेतल्या १२० व्होल्टला तो साडेबारा अँपियर ओढतो. फेअरच्या मैदानावर दोन सॉकेट दिसत होते, म्हणून दोन तवे लावले, पण दोन्ही सॉकेट एकाच २० अँपियरच्या सर्किटवर होते. पंचवीस अँपियर झाल्यावर ब्रेकर पडणारच. दुसरं सर्किट वीस मीटर लांब होतं आणि तिथून आणलेली वायर पातळ, १६ गेजची. त्यावर तवा चालला, पण व्होल्टेज उतरल्याने थोड्या कमी जोमाने, आणि वायर हाताला गरम लागत होती. ब्रेकर पडला तेव्हा शिजलेल्या मांसाचं भांडंही विजेवरच होतं. पुन्हा वीज आली तेव्हा थर्मामीटरने ४९ अंश दाखवले आणि भांडं किती वेळ ५७ च्या खाली होतं हे कुणी पाहिलं नव्हतं. इंटर्नने दोन किलो मांस कचऱ्यात टाकलं. पर्यवेक्षकाने नंतर तिचं कौतुक केलं ते याच गोष्टीसाठी: वेळ माहीत नसेल तर चर्चा नाही.

दुसऱ्या दिवसापासून एकच तवा, १२ गेजची वायर (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड), आणि गरम ठेवायला जेल इंधनाच्या डब्यांवरची चेफिंग डिश. तिला वीज लागत नाही. तासाला पावणेचार किलो कच्चं मांस एक तवा आरामात काढतो. दुसरा तवा मुळात लागतच नव्हता. तो केवळ स्टॉल भरलेला दिसावा म्हणून होता. फोडी मात्र एकाच मापाच्या हव्यात. पहिल्या दिवशी स्वयंसेवकांनी हव्या तशा कापल्या होत्या, त्यामुळे बारीक फोडी वाळून चामड्यासारख्या आणि मोठ्या मधून कच्च्या. मांसाच्या धाग्यांना आडव्या दिशेने, पाऊण इंचाच्या, असं ठरवल्यावर तक्रार थांबली.

क्लिपबोर्ड

आता आदल्या संध्याकाळकडे. असोसिएशनच्या एका पदाधिकाऱ्याने इंटर्नच्या टेबलावर सह्यांचे कागद ठेवले. विषय होता वनस्पतीजन्य पदार्थांना ‘मीट’ म्हणू नये असा राज्य कायदा व्हावा ही मागणी. मिझुरीने २०१८ मध्ये असा कायदा पहिल्यांदा केला आणि मग बऱ्याच राज्यांत तशी विधेयकं आली. पदाधिकाऱ्याची बाजू चुकीची होती असं नाही. पशुपालक म्हणून त्याला ते मागण्याचा पूर्ण हक्क आहे. त्याला वाटलं, गर्दी इथे होणार, मग सह्याही इथेच घ्याव्यात. इंटर्नने हो म्हटलं. तिलाही त्या मागणीत गैर काही वाटलं नाही, शिवाय माणूस वडिलांच्या ओळखीचा.

पण टेबल, टेबलावरचं कापड, मांस, तिचा पगार, सगळं चेकऑफच्या पैशातलं होतं. सह्या राज्य विधिमंडळाकडे जाणार होत्या. म्हणजे धोरणावर प्रभाव टाकण्याचं काम सक्तीच्या पैशावर. नमुन्यासाठी थांबलेल्या माणसाने सही केली तर ती सही दोन फोडी मांसाने विकत घेतली असा आरोपही सहज झाला असता. आणि सर्वात अवघड गोष्ट: तो डॉलर भरणारे काही जण स्वतः सोयाबीन आणि वाटाणा पिकवतात. त्यांना तो कायदा नकोसा असू शकतो.

पर्यवेक्षकाच्या लक्षात हे आलं ते फेअरच्या सकाळी, इंटर्नने पाठवलेल्या स्टॉलच्या फोटोवरून. तेव्हा केलेली कृती घाईची असली तरी नीट होती. कागद टेबलावरून काढले. सह्या घेण्याचं काम थांबवलं नाही. वाटेच्या पलीकडे असोसिएशनने स्वतःच्या नावाने वेगळं टेबल भाड्याने घेतलं, आपलं कापड टाकलं, आपला माणूस बसवला. आदल्या संध्याकाळी गोळा झालेल्या अकरा सह्या फाडून टाकल्या आणि तसं लिहून ठेवलं. इंटर्नने आधीच्या संध्याकाळी यावर घालवलेला वेळ हजेरीपत्रकात चेकऑफच्या खात्यातून काढून असोसिएशनच्या खात्यात टाकला आणि असोसिएशनने तो भरला. रक्कम किरकोळ होती. तरी ती भरून घेणं आवश्यक होतं, कारण लेखापरीक्षक रक्कम नंतर पाहतो, आधी नोंद पाहतो.

इथे एक गोष्ट आम्हाला खटकते. इंटर्नला सुरुवातीला दिलेल्या माहितीपुस्तिकेत लॉबिंगबंदीचा परिच्छेद होता, आणि तिने त्यावर सहीही केली होती. पण तो परिच्छेद कायद्याच्या भाषेत होता. ‘सह्यांचा कागद’, ‘आमदारासोबत फोटो’, ‘विधेयकाची पोस्ट शेअर करणं’ असं त्यात कुठेच नव्हतं. वीस वर्षांच्या मुलीने ‘सरकारी कृतीवर प्रभाव’ या शब्दांतून क्लिपबोर्ड ओळखावा ही अपेक्षा जास्तीची आहे. २०२१ मध्ये कोलोराडोच्या गव्हर्नरने २० मार्च हा दिवस मांस टाळण्याचा दिवस म्हणून जाहीर केला, आणि शेजारच्या नेब्रास्काच्या गव्हर्नरने त्याच दिवसाला मांस खाण्याचा दिवस ठरवलं. असा वाद पेटला की परिषदेच्या खात्यावरून कोणती पोस्ट चालेल आणि कोणती नाही, हे उदाहरण पुस्तिकेत घातलं असतं तर परिच्छेदापेक्षा जास्त काम झालं असतं. उत्तर असं की त्या दिवशी स्टेकची पाककृती टाकायला हरकत नाही. गव्हर्नरच्या निर्णयाला नाव ठेवायला आहे.

दोन ओळींचं ग्राफिक

दुसरी चूक छापली गेली म्हणून महाग पडली. इंटर्नने फेअरसाठी स्वतः एक ग्राफिक केलं. त्यात दोन ओळी होत्या. एक, बीफ खा, रक्तक्षय पळवा. दुसरी, चिकन कशाला, ताकद इथे आहे. ते तिने आपल्या वैयक्तिक इन्स्टाग्रामवर परिषदेचा शर्ट घातलेल्या फोटोसह टाकलं आणि दोनशे पत्रकंही छापून आणली.

पहिली ओळ रोग बरा करण्याचा दावा आहे, तो चालतच नाही. पोषणाचे दावेही शब्दाला शब्द बांधलेले असतात. एका वाढणीत दैनंदिन गरजेच्या १० ते १९ टक्के असेल तर ‘चांगला स्रोत’ म्हणता येतं, २० टक्के किंवा जास्त असेल तरच ‘उत्तम स्रोत’. शिजलेल्या ८५ ग्रॅम कमी चरबीच्या बीफमध्ये लोह साधारण दोन-अडीच मिलिग्रॅम आणि गरजेचा आकडा १८. म्हणजे लोहाला ‘चांगला’ म्हणता येईल, ‘उत्तम’ नाही. झिंक, बी-१२ आणि प्रथिनांना ‘उत्तम’ म्हणता येतं. प्रथिनं त्या वाढणीत सुमारे २५ ग्रॅम असतात. गंमत अशी की खरा दावा कमी आकर्षक नव्हता. मांसातलं हीम लोह शरीर सहज शोषून घेतं, हे वाक्य खरंही आहे आणि ऐकणाऱ्याला नवंही वाटतं.

दुसरी ओळ दुसऱ्या शेतकऱ्याच्या मालाला कमी लेखते. एएमएसच्या मार्गदर्शक सूचना एकाने दुसऱ्याला हिणवू नये यावर ठाम आहेत. त्यात या राज्याच्या परिषदेने कृषी खात्याशी करार केलेला होता, म्हणून प्रचारसाहित्य आधी मंजूर करून घ्यावं लागत होतं. या करारांचा इतिहास छोटा पण कामाचा आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेकऑफच्या जाहिराती म्हणजे सरकारचंच बोलणं आहे, म्हणून नाराज पशुपालकाला पैसे भरायला भाग पाडणं घटनाबाह्य नाही, असा निकाल दिला. मग २०१६ मध्ये आर-काफ या पशुपालक संघटनेने मोंटानात दावा लावला: राज्य परिषदा खासगी आहेत, त्यांचं बोलणं सरकारी कसं? त्यानंतर कृषी खात्याने अनेक परिषदांशी करार करून त्यांचं साहित्य आधी तपासण्याचा अधिकार घेतला, आणि २०२१ मध्ये नवव्या सर्किटच्या न्यायालयाने, म्हणजे संघीय अपील न्यायालयाने, तेवढं नियंत्रण पुरेसं मानलं.

इंटर्नच्या बाजूने पाहिलं तर हे सगळं विचित्रच आहे. शर्टवर पशुपालकांचं नाव, आवाज तिचा, पण कायद्याच्या लेखी बोलतंय सरकार. तेव्हा तिच्या ग्राफिकमधली चूक ही ‘इंटर्नची चूक’ म्हणून बाजूला टाकता येत नाही.

पत्रकं वाटली गेली नाहीत. पोस्ट तिने काढली आणि तिचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह नोंदवहीत लावला. आधी काढून टाकायची आणि मग नोंद शोधत बसायची ही चूक इथे टळली. पत्रकांऐवजी राष्ट्रीय मोहिमेची आधीच मंजूर असलेली पाककृतीची कार्डं मागवली. ती गोदामात पडूनच होती. नवं काही करण्याआधी तयार काय आहे ते कुणी तिला दाखवलंच नव्हतं.

प्रश्न, आणि कुठे थांबायचं

स्टॉलवर तीन प्रश्न पुन्हा पुन्हा आले. प्रतिजैविकं देता का? इथे इंटर्नचं उत्तर ठीक होतं: माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली प्रतिजैविकं केवळ वाढीसाठी वापरणं २०१७ पासून बंद आहे, आणि जून २०२३ पासून अशी सगळी औषधं पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. तिने पुढे ‘आता आम्ही खुराकात काहीच घालत नाही’ असं जोडलं, ते मात्र चूक. मोनेन्सिनसारखी द्रव्यं फीडलॉटच्या खुराकात सर्रास असतात. ती माणसांच्या औषधांत मोडत नाहीत, पण ‘काहीच नाही’ म्हणणारा माणूस पुढच्या प्रश्नाला अडकतो.

दुसरा प्रश्न हवामानाचा. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून मिथेन येतो आणि अमेरिकेच्या एकूण मिथेनमधला साधारण चौथा हिस्सा या वाटेने येतो. हे नाकारायचं नाही. बीफ परिषदांच्या प्रशिक्षणात दुसरी बाजू भरपूर शिकवतात: नांगरता न येणारी कुरणं, माणसाला न पचणाऱ्या चाऱ्याचं अन्न होणं. ती खरी आहे. पण पहिली गोष्ट गिळून दुसरीच सांगितली की ऐकणारा लगेच ओळखतो. तिसरा प्रश्न कर्करोगाचा. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या, म्हणजे कर्करोगकारक, गटात आणि लाल मांस ‘बहुधा कारक’ अशा २-ए गटात टाकलं. यावर इंटर्नने वाद घालायचा नाही, वर्गीकरण आहे तसं सांगायचं आणि आहारतज्ज्ञाचं कार्ड द्यायचं, असं ठरलं. आमच्या मते स्टॉलवरचं हे सर्वात शहाणं धोरण होतं.

फेअरला आलेल्या एका भारतीय कुटुंबाने नमुना नाकारला तेव्हा स्वयंसेवकाने ‘एकदा चाखून तर बघा’ म्हटलं. ते लगेच थांबवलं गेलं. मिडवेस्टच्या विद्यापीठगावांत मराठी घरं कमी नाहीत आणि राहुरी, अकोला, परभणी, दापोलीची मुलं पशुपोषण शिकायला तिथे जातात. त्यातल्या कुणाला अशी इंटर्नशिप मिळाली तर एक गोष्ट आधी पाहावी: एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पगारी इंटर्नशिपसाठी सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, परवानगी आय-२० या विद्यापीठाच्या कागदावर नोंदलेली असावी लागते, आणि ती पहिल्या दिवसाच्या आधी. नंतर घेतलेली चालत नाही. स्वतः बीफ न खाणाऱ्याला फीडलॉटच्या नोंदी, आरोग्य किंवा खाद्याचं काम मागता येतं, आणि ते मुलाखतीत स्पष्ट सांगितलेलं बरं. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे परत आल्यावर या अनुभवातलं उपयोगी पडेल ते पशुपोषण आणि दर्जा तपासणी. सरलॉइनच्या फोडी नाहीत.

पुढच्या वर्षीच्या कागदावर

परिषदेने इंटर्नचा करार बदलला. लॉबिंगबंदीच्या परिच्छेदाखाली आता दहा उदाहरणं आहेत आणि प्रत्येकापुढे ‘चालेल’, ‘चालणार नाही’ किंवा ‘विचारा’. क्लिपबोर्ड पहिल्या क्रमांकावर आहे. परिषदेचा शर्ट घालून वैयक्तिक खात्यावर काहीही टाकायचं असेल तर ते परिषदेचं साहित्य मानलं जाईल असं लिहिलं आहे. नव्या मजकुरासाठी मंजुरीला किमान दहा कामाचे दिवस धरायचे, म्हणजे जुलैच्या फेअरचं ग्राफिक जूनमध्येच तयार हवं. असोसिएशनचं काम इंटर्नला द्यायचं असेल तर आधी लेखी विनंती, वेगळा तास आणि वेगळं बिल.

विजेच्या बाबतीत फेअरच्या आयोजकांकडून सर्किटांचा नकाशा आधी मागवायचा आणि प्रत्येक सर्किटवर एकच तवा. वायरींचा खोका विकत घेतला आहे, त्यात १२ गेजच्याच वायरी आहेत आणि १६ गेजची वायर त्यात ठेवू नये अशी चिठ्ठी झाकणावर चिकटवली आहे. कच्च्या मांसाचा हिशेब आता नमुन्यांच्या संख्येवरून उलटा करत येतात, आणि शेवटच्या दिवशी दोन किलो जादा धरतात.